मैदानाचा भांग

बडोद्यात फतेगंजच्या बाजूला एका क्लबचं क्रिकेटचं मैदान होतं. त्याची देखभाल मी सव्वीस वर्षं केली. गवत कापायचं, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेषा आखायच्या, आणि कडेच्या कडुनिंबांवर कमरेला दोर बांधून चढून वाळक्या फांद्या करवतीने उतरवायच्या. एवढ्या वर्षांत मी एकच काम वाईट केलं, पण ते इतकं नीटनेटकं केलं की कोणाला कधी संशय आला नाही. आता गुडघे गेले, झाडावर चढणं संपलं. ओझं घेऊन बसण्यापेक्षा सांगून टाकलेलं बरं.

आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत घोड्यावर बसत, असं घरात सांगत. माझ्या वाट्याला बैल आला. गवत कापायचं जुनं बिडाचं यंत्र तो ओढायचा. पांढरा, थोराड आणि अव्वल कामचुकार. त्याच्या खुरांनी मैदानात खड्डे पडू नयेत म्हणून त्याला चामड्याचे चार बूट होते, घडियाळी पोळमधल्या एका मोच्याने शिवलेले. रोज सकाळी ते चढवून वाद्या बांधायला अर्धा तास लागे. तेवढ्या वेळात तो शेपटीने माझी पाठ झाडून घेई. बाहेरगावचे पाहुणे खेळाडूंच्या आधी त्याचे बूट बघायला यायचे. बायको म्हणायची, "पोरांच्या शाळेच्या बुटांचं माप कधी एवढं मन लावून घेतलं नाहीत."

नव्वदनंतर बडोद्यात गच्च्यांवर केबलच्या वायरी आल्या, रस्त्यावर नव्या मोटारी आल्या, आणि आमच्या सेक्रेटरीसाहेबांना बैलाची लाज वाटू लागली. त्यांनी पेट्रोलवर चालणारं, वर बसून चालवायचं यंत्र आणलं. ते चालवायला वाघोडियाच्या एका कारखान्यातून कमी केलेला फिटर आणला. चाळिशीचा, अबोल, नखं स्वच्छ असणारा. आम्ही त्याला मिस्त्री म्हणायचो. साहेबांनी आम्हा दोघांना उभं करून सांगितलं, "रविवारी मोठा सामना आहे. मशीनने मैदान बरोबर कापलं तर मिस्त्री कायम आणि बैल पांजरापोळात. नाही जमलं तर मशीन परत, मिस्त्रीही परत."

मिस्त्री वाईट माणूस असता तर सगळं सोपं होतं. तो पहिल्याच दिवशी बैलासाठी गूळ घेऊन आला. मग मला यंत्रापाशी बसवून शिकवू लागला.

"जुओ भाऊ, पात्याच्या दोन्ही बाजूंना हे नट. सैल करून पातं खाली घेतलं की गवत आखूड, वर घेतलं की लांब. संध्याकाळी एकदा आवळून ठेवायचे, बस. उद्या मी आजारी पडलो तर तुम्हाला यायला हवं."

"मला यंत्रातलं काही कळत नाही," मी म्हणालो. सगळं कळलं होतं.

शनिवारी संध्याकाळी त्याने माझ्यासमोर दोन्ही नट आवळले, पाना पुसून जागेवर ठेवला आणि सायकलवर बसून गेला. मी शेडमध्ये शिरलो. नट पूर्ण काढले नाहीत, बोटाने फिरतील इतपत सैल केले. म्हणजे यंत्राच्या हादऱ्याने पातं आपोआप खाली बसेल आणि दोष विसराळूपणावर जाईल. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो की घरी जाताना सेवउसळ खाल्ली, वर जास्तीची तरी मागून घेतली.

रविवारी सकाळी साहेब, खेळाडू, चार प्रतिष्ठित मंडळी पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवर उभी होती. मिस्त्री तिथूनच निघाला. नजर समोर ठेवून, ताठ बसून थेट सीमारेषेपर्यंत गेला, वळला आणि थांबला. हिरव्यागार मैदानात मधोमध मातकट पट्टा उमटला होता, तेल लावून पाडलेल्या भांगासारखा सरळ.

"साहेब, आ तो मुंडन करी नाख्युं," एक खेळाडू म्हणाला, आणि पायऱ्यांवर हसू फुटलं.

मी शक्य तितका दुःखी चेहरा करून पुढे झालो. "बैल आणू का, साहेब?"

बैल बूट घालून तयारच होता. तो आधीपासून कसा तयार होता, हे कोणी विचारलं नाही.

साहेबांनी मिस्त्रीला विचारलं, "नट तपासले नव्हते?"

त्याने खाली वाकून नट फिरवला. तो बोटाने सहज फिरला. "काल आवळले होते," तो म्हणाला. मग स्वतःच्या हाताकडे पाहत राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "आवळले असं वाटलं असेल."

त्या वाक्याने त्याची नोकरी गेली. उरलेलं मैदान बैलाने कापलं, आणि खेळपट्टीच्या शेजारी शेण टाकून आपली सहीही केली. तो आणखी तीन वर्षं राहिला. मिस्त्री पुन्हा दिसला नाही.

गेल्या महिन्यात घरच्या बागेतला फवारणीचा पंप बिघडला. कोणीतरी सांगितलं, वाघोडियाला एक मिस्त्री आहे, काम पक्कं, फक्त वेळ फार लावतो. गेलो, तर तोच. केस पिकलेले, नखं तशीच स्वच्छ. मला पाहून खरंच आनंदला, चहा मागवला. मग पंपाचा एकेक नट आवळू लागला. एकदा, दोनदा, तीनदा, ओठांनी मोजत.

रांगेतलं एक गिऱ्हाईक कंटाळून म्हणालं, "काका, हवे छोडो ने, किती वेळा आवळणार!"

"आयुष्यात एकदाच हलगर्जी झाली," मिस्त्री त्याला म्हणाला, "त्यात नोकरी गेली. विचारा, हे भाऊ साक्षीला होते." आणि त्याने अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी कप खाली ठेवला. गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही नट आवळले होते. मी सैल केले."

पाना थांबला. "का?"

"बैलासाठी."

"बळद माटे?"

"हो."

त्याने पाना पुसून बाजूला ठेवला. नोकरीबद्दल एक शब्द बोलला नाही. म्हणाला, "तेव्हापासून मी घराचं कुलूप तीनदा बघतो. गॅस तीनदा. स्कूटरचं स्टँड तीनदा. माझ्यापायी लग्नाच्या वराती थांबल्या आहेत. हे मला नका सांगू. आत जाऊन हिला सांगा."

त्याची बायको दुकानामागच्या घरात तांदूळ निवडत होती. मी उभ्याने सगळं सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं.

"मला वाटायचं, यांच्या डोक्यात काही बिघाड आहे," ती म्हणाली. "मोटा भाऊ, हे लखी आपो. नाहीतर उद्या हे म्हणतील, स्वप्न पडलं होतं."

म्हणून हे लिहून देतोय. माझं गुजराती बोलण्यापुरतं ठीक आहे, लिहिण्यात चुका होतात. त्यांची सून मराठी आहे, ती वाचून दाखवेल. सूनबाई, मोठ्याने वाचा. तुमच्या सासऱ्यांनी शनिवारी संध्याकाळी दोन्ही नट एकदाच आवळले होते आणि ते इतके घट्ट बसले होते की सैल करताना माझा अंगठा सोलवटला.