डावखुऱ्या हाताची पिन

जुन्या दागिन्यांच्या दुकानात मावशी बावीस वर्षं दुरुस्ती करत होत्या. एका सकाळी शेठने शालीला लावायची एक पिन त्यांच्यापुढे ठेवली. दोन पानं आणि मध्ये हिरवी काच.

"नीट बघून किंमत सांगा, मावशी. संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. पिन परदेशी आहे, शंभर वर्षांची, असं सांगून बसलोय मी."

मावशींनी पिन उलटी केली आणि त्या बघतच राहिल्या. पिनेची कळ उलट्या बाजूला उघडत होती आणि आत घड्याळाची स्प्रिंग बसवलेली होती. असं काम एकच माणूस करायचा, त्यांचे डावखुरे बाबा. घड्याळं दुरुस्त करून उरलेल्या वेळात ते अशा पिना बनवायचे आणि ह्याच दुकानात डझनाच्या भावाने देऊन जायचे.

"ही माझ्या बाबांनी केलीय."

शेठ हसला. "मग तर तोंडच उघडू नका. कवडीमोल होईल."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांचं काम चालतं, नाव तेवढं चालत नाही!

संध्याकाळी गिऱ्हाईक बाई आल्या तेव्हा मावशी स्वतःच पुढे झाल्या. "पितळ, वर चांदीचा मुलामा. चाळीसएक वर्षांची. माझ्या बाबांनी इथेच, ह्याच गावात घडवलेली."

बाईंनी पिन खाली ठेवली आणि त्या निघून गेल्या.

"झालं समाधान?" शेठ ओरडला.

"नाही झालं," मावशी म्हणाल्या. त्यांनी पिनेला लावलेल्या किमतीच्या चिठ्ठीवरचं 'परदेशी' खोडलं आणि बाबांचं नाव इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला.