बाबांच्या ट्रकसाठी कॉम्प्युटर: काळाचौकी ते लॅमिंग्टन रोड

आधीच सांगून टाकतो, ही खरेदी मी गरज म्हणून केली नाही. जळफळाट झाला म्हणून केली.

माझे बाबा दर रविवारी सकाळी दहा वाजता तयार होऊन लोअर परळला जातात. तिथल्या एका टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर मंदार राहतो. मंदार म्हणजे आमच्या काळाचौकीच्या चाळीतला माझा बालमित्र, आमच्या खोल्यांची भिंत एकच होती. त्याचे वडील बँकेत, माझे गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर. संप झाला तेव्हा मी दीड वर्षांचा होतो. नंतर बाबांनी पंचवीस वर्षं घाटावरून दादरच्या भाजीबाजारात माल आणणारा टेम्पो चालवला. मंदारकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला तेव्हा खेळायला अख्खी चाळ जमायची आणि माझा नंबर येईपर्यंत त्याची आई दार लावून घ्यायची. आता त्याच्याकडे स्टिअरिंगसकट गेमिंग कॉम्प्युटर आहे. आणि त्याचा टॉवर उभा आहे तो बाबांच्याच गिरणीच्या जागेवर.

तिथे जाऊन बाबा ट्रक चालवतात. गेममधला. गुडघे गेल्यापासून खरं वाहन बंद, पण तिकडे ते बर्फातले घाट, बोगदे, परदेशातले टोलनाके पार करत असतात. घरी मात्र दिवसभरात मोजकी चार वाक्यं.

एका रविवारी ते कानाचं मशीन घरीच विसरले. (साच्यांच्या आवाजात उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला त्याशिवाय फारसं ऐकू येत नाही.) मी ते द्यायला गेलो. मंदारने दार उघडलं आणि आतून बाबांचं हसणं ऐकू आलं. पोट धरून हसत होते. मी मशीन मंदारच्या हातात दिलं, "घाईत आहे रे" म्हणालो आणि खाली आलो. लिफ्टमध्येच ठरवलं, आपल्या घरी कॉम्प्युटर आणायचा. मंदारपेक्षा भारी.

शुक्रवार, दादर

ऑफिस सुटल्यावर बाबांना दादरला बोलावलं. स्टेशनच्या पश्चिमेला एक मोठं शोरूम आहे, तिथे तयार गेमिंग कॉम्प्युटर मांडून ठेवलेले असतात. काचेची पेटी, आत सात रंगांचे दिवे, एक लाख चाळीस हजार. मंदारचा इथूनच घेतलेला, हे मला माहीत होतं.

मी महिनाभर व्हिडिओ बघून अभ्यास केला होता. विक्रेत्याला विचारलं, "आत पॉवर सप्लाय कुठला आहे?"

"सर, ब्रँडेड आहे."

"कुठला ब्रँड? किती वॅट?"

त्याने पेटीच्या मागे वाकून बघितलं, मग एकाला बोलावलं, मग दुसऱ्याला. कुणालाच सांगता येईना. तयार मशीन घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: जे बाहेरून दिसत नाही तिथेच पैसे वाचवलेले असतात. रॅमची एकच पट्टी, स्वस्तातला मदरबोर्ड, बिननावाचा पॉवर सप्लाय. बाबांनी तोवर चालू पेटीवर पंजा टेकवला होता. साचा बिघडला की असाच हात ठेवून कळायचं, ते म्हणत.

"थरथरता हां," बाबा म्हणाले. "पंखो सरळ नाय."

मंदार फसला होता! इतका आनंद मला गेल्या दिवाळीच्या बोनसलाही झाला नव्हता. बाहेर येऊन मी बाबांना पियुष पाजलं. ते म्हणाले, "मंदाराक सांगूक होया, पंखो बघून घे म्हणान." माझा आनंद ग्लासातल्या पियुषाआधी संपला.

शनिवार, लॅमिंग्टन रोड

सुटे भाग घ्यायचे तर लॅमिंग्टन रोडला पर्याय नाही. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात. अकराच्या आधीही जाऊ नका, नुसती शटरं बघावी लागतील. आम्ही लालबागहून बस धरून मुंबई सेंट्रलला उतरलो आणि बाबांच्या गुडघ्यांच्या वेगाने चालत गेलो.

पहिल्या दुकानात सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड अर्ध्या किमतीत दाखवलं. वॉरंटी विचारली तर "आपली जबान" म्हणाला. दुसऱ्या दुकानात बिलाशिवाय स्वस्त होतं. दोन्ही ठिकाणांहून हात जोडून निघालो. वर्षभराने कार्ड बंद पडलं तर कंपनी पक्कं बिलच मागते.

प्रत्येक दुकानातून बाहेर पडताना बाबा एकच म्हणत, "मंदाराक फोन लाव. तेका इचार."

दुसऱ्यांदा त्यांनी आपला फोनच माझ्या हातात दिला. मी तो कानाला लावला, थोडा थांबलो आणि म्हणालो, "उचलत नाहीये."

मी फोन लावलाच नव्हता.

तिसरं दुकान पहिल्या मजल्यावर, लाकडी जिना चढून. काउंटरवर हेतलबेन, पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर, हातात स्क्रू ड्रायव्हर. माझी यादी त्यांनी एका नजरेत वाचली.

"खेळणार कोण?"

"वडील."

"काय खेळणार?"

"ट्रकचा गेम."

"आणि कार्ड हे?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "अठ्ठेचाळीस हजारचं? भाऊ, हे लावाल तर पॉवर सप्लाय हलका येणार, मॉनिटर घरचा जुना राहणार, स्टिअरिंग तर यादीत नाहीच. एवढा मोठा पैलवान आणून त्याला खायला काय देणार?"

"कार्ड हेच पाहिजे."

"का पण?"

का, ते सांगता येण्यासारखं नव्हतं. मंदारच्या मशीनमध्ये ह्या कार्डाच्या एक पायरी खालचं होतं, हे एकच कारण. एक लाखाचं माझं बजेट, त्यातलं निम्मं त्या एका पायरीवर जाणार होतं. मी म्हणालो, "तुम्ही कोटेशन करा. आम्ही जेवून येतो."

गिरगाव, जेवण

ऑपेरा हाउसवरून गिरगावात चालत पंधरा मिनिटं, बाबांबरोबर पंचवीस. एका वाडीच्या तोंडाशी जुनी खानावळ आहे, बांगड्याची थाळी दोनशेच्या आत, सोलकढी परत मागितली तर देतात. दीडच्या आत पोचलात तर बाकावर जागा मिळते.

बाबांनी ताट येईपर्यंत फोन काढला, चष्मा चढवला आणि बराच वेळ बोटाने कॉलची यादी वर-खाली केली. मग फोन माझ्यासमोर ठेवला.

"तू फोन लावूकच नाय मा?"

बांगडा आला. मी भात कालवत राहिलो.

"मी काय इचारलंय?"

"नाही लावला," मी म्हणालो. "सारखं काय मंदार, मंदार? मी महिनाभर अभ्यास केलाय बाबा. एक गोष्ट माझी माझी करू द्या ना. तिकडे जाऊन हसता, खेळता. घरी आलात की भिंतीकडे बघता. त्याचं मशीन मोठं, घर मोठं, मला कळतंय ते. म्हणून तर घेतोय."

मोठ्याने बोललो असणार, कारण शेजारच्या बाकावरचे आजोबा खायचे थांबले. बाबा चिडले नाहीत. त्यांनी काटे काढून बांगड्याचा तुकडा नेहमीप्रमाणे माझ्या ताटात सरकवला.

"मशीन मोठी म्हणान मी जातंय काय? तो माझ्या बाजूक बसता. दोन तास. हातात फोन घेणा नाय. इचारता, काका, टेम्पो घेऊन घाटात खंय खंय गेलास? स्प्रिंगचो पाटो कसो बदललास? मी सांगतंय." त्यांनी आणखी एक काटा काढला. "आणि तू ह्यां माझ्यासाठी घेणंस नाय. तेच्यासाठी घेतंस."

उत्तर तोंडावर होतं, पण खोटं होतं. टेम्पोच्या एका फेरीबद्दलही मी कधी विचारलं नव्हतं. लहानपणी मला त्या टेम्पोची लाजच वाटायची. शाळेच्या फाटकाशी तो दिसला की मी मागच्या दाराने जायचो. बाबांना ते माहीत होतं का, हे विचारायचं धैर्य त्या बाकावरही झालं नाही.

परत लॅमिंग्टन रोड

जिना चढून गेल्यावर मी हेतलबेनना म्हटलं, "यादी नव्याने करू. ह्यांना विचारून."

त्यांनी बाबांसमोर स्टिअरिंगचा जोड ठेवला. बाबांनी पेडलांवर पाय ठेवले आणि खाली वाकून बघितलं. "क्लच खंय?"

"काका, ह्याला दोनच पेडल."

"क्लच नाय तर ट्रक कसलो?"

मग तीन पेडलांचं आणि वेगळ्या गिअरच्या दांड्याचं स्टिअरिंग निघालं. एकाचं पेडल कडक होतं, बाबांच्या गुडघ्याला झेपेना, म्हणून त्याखालचं हलकं घेतलं. बाकी सगळं त्याभोवती जमवलं. कार्ड मधल्या दर्जाचं, सव्वीस हजारांचं, त्या गेमला भरपूर. पॉवर सप्लाय चांगल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटी. रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या. दिव्यांची पेटी काढून साधी काळी, जाळीदार, हवा खेळती राहील अशी. वाचले ते मॉनिटरवर घातले, सत्तावीस इंची, कारण बाबांना रस्त्यावरच्या पाट्या वाचायला आवडतात. सगळं मिळून लाखाला चार हजार कमी. तुम्हीही जाल तेव्हा आधी ठरवा, खेळणार कोण आणि काय. कार्ड त्यानंतर.

बिल करण्याआधी मी माझ्या फोनवरून मंदारला फोन केला. यादी वाचून दाखवली.

"सॉलिड जमवलंयस रे," तो म्हणाला. "मला त्या शोरूमवाल्याने चुना लावला." मग त्याने हळूच विचारलं, "म्हणजे काका आता रविवारी नाही येणार?"

मी हातातल्या यादीची घडी घातली.

"नाही, ठीक आहे," तो घाईने म्हणाला. "तुझेच बाबा आहेत. माझे गेल्यापासून ना, रविवारी घरात कसं तरीच होतं. लहानपणीही मला वाईट वाटायचं, तुझे बाबा संध्याकाळी टेम्पोतून तुझ्यासाठी बोरं आणायचे. माझे पेपर उघडून बसायचे."

बाविसाव्या मजल्यावरचा माणूस माझ्यावर जळत होता, आणि तेही चाळीतल्या दिवसांपासून. ऐकून मला बरं वाटलं, मग बरं वाटल्याची लाज वाटली. "येतील रे," मी म्हणालो. "रविवार तुझाच."

जोडणीला दोन तास लागले. मशीन चालू झाल्यावर बाबांनी पेटीवर पंजा टेकवला, मान हलवली, मगच मी पैसे दिले. टॅक्सीत मॉनिटरचा खोका मांडीवर घेऊन बाबा पुढे बसले आणि भायखळ्यापासून लालबागपर्यंत ड्रायव्हरला गिअर कधी बदलायचा ते सांगत राहिले.

घरी

आता संध्याकाळी सात ते आठ मी बाबांच्या बाजूला बसतो. फोन स्वयंपाकघरात ठेवतो. पहिले दोन दिवस काय विचारावं तेच सुचेना. तिसऱ्या दिवशी विचारलं, टेम्पो कधी घाटात बंद पडला होता का? त्याचं उत्तर चार संध्याकाळी चाललं.

रविवारी ते तयार होऊन लोअर परळला गेले. मी थांबा म्हणालो नाही, पण पोटात दुखलंच. साडेदहाला मंदारचा फोन आला, "तू पण मशीन चालू कर, नेटवरून काकांबरोबर चालव." मी हेडफोन घातला. मंदार बाबांच्या शेजारी होता, मी इकडे एकटा. बाबांनी काहीतरी सांगितलं, दोघे हसले, मला नीट कळलं नाही आणि पुन्हा जळायला झालं. स्क्रीनवरच्या रस्त्यावर समोर बाबांचा निळा ट्रक उभा होता.

"येतंस मा रे?" त्यांनी विचारलं.

मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि त्यांच्या मागे लागलो.