कशावरून बाई आणि काडेपेटीचा कारखाना

शाळेच्या ग्रंथपाल बाईंना मुलांनी ठेवलेलं नाव ‘कशावरून बाई’. बाईंना ते माहीत होतं, आवडतही होतं. फक्त तसं त्या दाखवत नसत.

प्रयोगशाळेशेजारच्या लांबट खोलीत सहा संगणक, अकरा कपाटं आणि एक प्रिंटर. प्रिंटर बाईंच्या टेबलामागे, म्हणजे त्यांच्या ताब्यात. सहावी ते आठवीच्या कोणालाही प्रकल्पासाठी इंटरनेटवरचं पान छापून हवं असेल, तर आधी वीतभर चिठ्ठी भरायची: कोणी लिहिलं, कधी लिहिलं, त्याला कसं कळलं. रकाने भरल्याशिवाय प्रिंटरला हात नाही. एकदा एक पठ्ठ्या ‘झोपेत पाढे आपोआप पाठ होतात’ असं पान घेऊन आला.

“कोणी लिहिलंय?” बाईंनी विचारलं.

त्याने पान खालपर्यंत सरकवलं. “उशा विकणाऱ्यांनी.”

“मग?”

“मग पाढे मलाच पाठ करावे लागणार,” म्हणत तो जागेवर जाऊन बसला. बाईंची शिकवणी एवढीच. भाषण नाही, रागावणं नाही.

सातवीतल्या एका मुलीला वर्गाने ‘वकील’ करून टाकलं होतं, कारण ती कोणाचंही पहिल्या झटक्यात ऐकत नसे. शुक्रवारच्या प्रदर्शनासाठी तिने विषय घेतला: आपल्या शाळेच्या जागी पूर्वी काय होतं. सोमवारी ती आली तीच विजयी चेहऱ्याने.

“काडेपेटीचा कारखाना होता, बाई. चार साइट, चारही तेच सांगतात. आता छापा.”

“चौघांना कसं कळलं?”

“चौघं सांगतात म्हणजे खरंच असणार ना.”

“एकमेकांच्या वहीत बघून उतरवलं असेल तर? चुकलेलं गणितही मग चौघांचं सारखंच येतं.”

वकील तशीच संगणकाकडे वळली. दोन दिवस ती पाचव्या संगणकाला चिकटून होती. ‘दोनशे कामगार आणि एक भोंगा’ हे शब्द चारही ठिकाणी जसेच्या तसे होते. त्यांचा माग काढत बुधवारी ती मुळाशी पोचली: शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, कोणीतरी स्कॅन करून चढवलेली.

“सगळं इथूनच गेलंय, बाई. पण लेखाखाली नाव नाही. पहिला रकाना रिकामा राहतोय.”

बाईंनी चष्मा लावला. ते वाक्य त्यांचंच होतं. बावीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या वर्षी, स्मरणिकेत अर्धं पान रिकामं राहत होतं. शाळेच्या शिपाईमामांनी चहा पिता पिता कारखान्याचं सांगितलं आणि बाईंनी ते लिहून दिलं. भोंगा तर मामांनीही सांगितला नव्हता. वाक्य ओकंबोकं वाटलं म्हणून तो बाईंनी पदरचा घातला होता. मामा आता हयात नव्हते.

“उद्या बघू,” बाई म्हणाल्या. असं त्या मुलांना कधीच म्हणत नसत.

घरी नवरा डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडून बसला होता. त्याने हात न थांबवता सगळं ऐकलं.

“खाली नाव नाही ना? मग तुला कोण विचारतंय?”

“तीच विचारतेय.”

“मामांनी लिहिलं म्हणून सांग. ते काही उठून यायचे नाहीत.”

“अहो.”

“गंमत केली. पोरं हसतील, हसून हसून किती हसतील?”

“हसण्याचं काही नाही हो. उद्यापासून मी कशावरून म्हटलं, की ती म्हणतील, तुम्ही कुठे विचारलं होतं? मग चिठ्ठी कोण भरणार?”

नवऱ्याने भिंग काढलं. “घड्याळ माझ्या हातून बिघडलं तर मी काय सांगतो? माझ्या हातून बिघडलं. म्हणून गिऱ्हाईक तुटलं का?”

“दोन तुटली.”

“बाकीची आहेत ना.”

गुरुवारी सातवीच्या तासाला बाईंनी ते पान पडद्यावर लावलं आणि कोरी चिठ्ठी घेऊन मोठ्याने भरायला घेतली.

“कोणी लिहिलं? मी. कधी? बावीस वर्षांपूर्वी. कसं कळलं? शिपाईमामांनी सांगितलं. त्यांना कसं कळलं, ते मी विचारलं नाही.”

मागच्या बाकावरून आवाज आला, “आणि भोंगा?”

“भोंगा माझ्या पदरचा.”

इतकं हसू फुटलं की शेजारचे प्रयोगशाळेचे सर डोकावून गेले. बाईंनी पोटभर हसू दिलं. “झालं असेल तर शोधा आता,” म्हणाल्या.

तास संपता संपता वकिलाला नगरपालिकेच्या साइटवर एक जुना नकाशा सापडला. तारीख होती, मोजणी करणाऱ्याची सही होती. शाळेच्या जागेवर बारीक अक्षरात लिहिलं होतं: मोकाट गुरांचा कोंडवाडा.

“बाई, अजून तेच आहे,” कोणीतरी म्हणालं. त्यावर बाईही हसल्या.

शुक्रवारी सकाळी वकिलाने प्रकल्पाचं शेवटचं पान पुढे केलं. सोबत तीन चिठ्ठ्या होत्या, न सांगता भरलेल्या. पानावर लिहिलं होतं: ‘कोंडवाडा: बहुधा खरं. एकच नकाशा मिळाला, दुसरा शोधते आहे. काडेपेटीचा कारखाना: ग्रंथपाल बाईंचा लेख, शाळेची स्मरणिका. बाईंनी स्वतः कबूल केलं. विश्वासार्ह नाही.’

बाईंनी ते दोनदा वाचलं.

“एक राहिलं.”

“काय?”

“स्मरणिकेतला पान क्रमांक. लोकांना तपासता आलं पाहिजे.”

“अकरा,” म्हणत वकिलाने तो लिहिला, आणि बाई प्रिंटरकडे वळल्या.