कासिमिराबाई आणि ‘देबे’

नवरा गेल्यावर कासिमिरा डोंगरातलं गाव सोडून खाली ताराता या गावात आली आणि पाव भाजून विकू लागली. तिची बोली केचुआ. स्पॅनिश तिला बाजारानं शिकवली, तीही कामापुरती. ‘देबे’ हा शब्द तिला पिठाच्या दुकानातून मिळाला होता. दुकानदाराच्या तोंडी त्याचा अर्थ एकच: तू देणं लागतेस.

शेजारी फाकुंदो मास्तर राहायचे. बँडमध्ये कर्णा वाजवून निवृत्त झालेले, दूरच्या तारिहा प्रांतातले, केचुआचं अक्षर न येणारे. एका संध्याकाळी ती रिकामी टोपली घेऊन परतली, तेव्हा कुंपणाच्या भिंतीवरून ते म्हणाले, “देबे एस्तार कान्सादा, कासिमिराबाई.”

‘थकवा’ तिला कळला, ‘देबे’ही कळला: थकणं तू देणं लागतेस. ती तिथंच थांबली.

“तुमचं काय घेतलंय मी? आता थकायचंसुद्धा तुमच्या हुकमानं?”

रोज भिंतीवरून ती त्यांना एक पाव द्यायची; त्यानंतर तोही बंद झाला.

शेवटी दोन्ही भाषा येणाऱ्या सातुर्निना शिंपिणीनं तिला विचारलं, “काय गं, मास्तरांचा चेहरा उतरलाय. काय बोललीस?” सगळं ऐकून ती पोट धरून हसली. “अगं वेडे, ते म्हणाले, थकली असशील. नुसता अंदाज केला बिचाऱ्यानं.”

कासिमिराला हसू आलं नाही. हे करायला हवं, ते करायला हवं, असं तिला सासूनं सांगितलं, नवऱ्यानं सांगितलं, पाद्र्यानंही सांगितलं. थकली असशील, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी पहिल्या घाण्याचे पाव फडक्यात बांधून ती मास्तरांच्या दारात गेली.

“चुकले मी,” ती म्हणाली. “पण तुमचा शब्दही सरळ नाही.”

“नाहीच,” मास्तर म्हणाले. “देणं लागतो तेव्हाही देबे, करायला हवं तेव्हाही देबे. मध्ये बारीकसा ‘दे’ घातला, तर अंदाज. मी तो गिळला. सगळेच गिळतात.”

“मग कळायचं कसं?”

“बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं.”

थंडीत मास्तरांच्या छातीत कफ भरला. कासिमिरा रोज शेंगदाण्याचं सूप घेऊन जाई आणि वाडगं रिकामं होईपर्यंत उठत नसे. “खायलाच हवं,” ती दटावी, आणि तो ‘देबे’ कोणता, हे मास्तरांना बरोबर कळे.

एकदा ते म्हणाले, “तुम्ही माझं काही देणं लागत नाही, बाई. रोज कशाला येता?”

कासिमिरानं चमचा पुसला. मग तो बारीक ‘दे’ नीट उच्चारत तिनं सावकाश वाक्य जुळवलं, “माझा तुमच्यावर जीव जडला असणार.”

“असणार? खात्री नाही?”

“भाषा तुमची आहे. तुम्हीच बघा.”

मास्तरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग वाडगं बाजूला ठेवून तिचा हात हातात घेतला.

ऊन वाढल्यावर दोघांनी मधली भिंत उतरवली आणि तिच्या कच्च्या विटांची दुसरी भट्टी बांधली. ती मास्तर सांभाळतात. पहिला घाणा हमखास करपवतात, आणि कासिमिरा त्यांना केचुआत रागावते.