तो पांढरा हातही आमचाच

कापड रंगवण्याच्या कारखान्यात मावशीची उभी हयात निळीच्या हौदावर गेली. हात कोपरापर्यंत निळे. साबण हरला, लिंबू हरलं, रंग काही हटला नाही. साऱ्याच रंगाऱ्यांचे हात तसे. गावच्या सभेत मत द्यायचं ते हात वर करून, आणि निळे हात वर गेले की कारकून चेहरे बघायच्या फंदातही पडायचा नाही. ते दिवस आठवले की मावशीला अजून भरून येतं. घरात अठराविश्वे दारिद्र्य, पण सभेत काय तोरा!

पुढे लेकानं कापडाचं दुकान काढलं. मावशीनं हौद सोडला आणि हात हळूहळू उजळले. दुकान चालायचं ते परगावच्या स्वस्त, यंत्रावर रंगवलेल्या कापडावर. नेमकं तेच कापड बाजारात येऊ द्यायचं नाही, असा ठराव रंगाऱ्यांनी आणला.

निघताना लेकानं बजावलं, "आई, आपलं पोट आता दुकानावर आहे. हात खालीच ठेव."

"एवढं कळतं हो मला!" मावशी फणकारली. तिला ते पटलंही होतं. सुनेचं बाळंतपण तोंडावर आलेलं. दुकान बसलं तर खायचं काय?

ती दुकानदारांच्या बाकावर बसली खरी, पण चैन पडेना. समोर हौदावरची जुनी जोडीदारीण, तोंड फिरवून बसलेली. ते मात्र मावशीच्या जिव्हारी लागलं.

"ठरावाच्या बाजूचे, हात वर!" कारकून ओरडला.

समोर निळे हात वर गेले. लेकानं बाही ओढली तेव्हा मावशीला कळलं, आपलाही गेलाय.

"आई, हात!"

खाली घेता आला असता. तिनं घेतला नाही.

कारकून सवयीनं निळ्या घोळक्यावरून नजर फिरवून मोकळा होणार, तोच जोडीदारीण उठून उभी राहिली. "अहो, तो पांढरा हातही आमचाच आहे. तोही धरा!"

ठराव झाला. दुकान तगलं, पण कसंबसं. पहिल्यासारखं कधीच चाललं नाही. लेक अजून टोमणा मारतो, "आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा!"

"चुकलंच माझं," मावशी निमूट कबूल करते. मग हळूच म्हणते, "पण बघितलंस ना, कशी उठून उभी राहिली ती!"