"कॉपी करा" म्हणणारे सर

जगातल्या प्रत्येक अडचणीवर एक ऑनलाइन शीट असते, आणि नसेल तर ती जेवणाच्या सुट्टीत तयार करता येते, असं मनापासून मानणारं माणूस मी एकच पाहिलं आहे: आमचे कॉम्प्युटरचे सर. पालघरच्या आमच्या कॉलेजात ते शिकवायचे आणि सकाळी वर्गाच्या ग्रुपवर फुलांच्या फोटोऐवजी शीटची लिंक टाकायचे. अभ्यासाच्या वेळापत्रकाची शीट, लायब्ररीच्या पुस्तकांची शीट, स्टाफरूममध्ये आज चहा सांगायची पाळी कुणाची, याचीही शीट. सगळ्या रिकाम्या पण रंगीत. आपण नुसतं भरायचं. पुस्तक परत करायला उशीर झाला की रकाना आपोआप लाल व्हायचा. हे पहिल्यांदा दाखवताना सर स्वतःच टाळी वाजवून ओरडले, "झाला की नाही? झाला की नाही?" आणि आम्हीही वेड्यासारख्या टाळ्या पिटल्या.

सर दरवेळी बजावायचे, "आधी कॉपी करा, मग भरा." आता पहिलीपासून आम्हाला सगळ्यांनी एकच सांगितलेलं, कॉपी करायची नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. मला वाटलं, सर आपला प्रामाणिकपणा तपासताहेत. गंमत म्हणजे अख्ख्या वर्गाला तेच वाटलं! स्वतःची प्रत काढायची सोडून आम्ही सगळे सरांच्या मूळ वेळापत्रकावरच तुटून पडलो. मी गुरुवारी 'गणित' लिहिलं की कुंभवलीचा एक मित्र ते खोडून 'क्रिकेट' लिहायचा. सर पडद्याकडे बघत कळवळून ओरडले, "अरे, कॉपी करा रे, कॉपी!" दारावरून चाललेल्या इतिहासाच्या मॅडम थबकल्या. म्हणाल्या, "अहो सर, परीक्षा तोंडावर आली. निदान हळू तरी सांगा!"

एकदा सर आमच्या घरी चिंचणीला सुके बोंबील न्यायला आले आणि आईच्या मोबाइलवर बोंबील वाळवण्याची शीट टाकून गेले. कधी टांगले, ऊन कसं होतं, कधी काढले. आईने मोबाइल लांब धरून बघितला. "सर, सगला बराबर हाय, पन कावला कुठं लिवायचा?" सर हसले नाहीत. संध्याकाळी सुधारलेली शीट आली. तिच्यात 'कावळे' असा वेगळा रकाना होता.

इतकं सगळं जमणारे सर स्वतः मात्र तासिका तत्त्वावर होते. पुढच्या वर्षी कॉलेज पुन्हा बोलावेल की नाही, हे त्यांच्या कुठल्याच शीटमध्ये दिसत नसे. म्हणून मराठवाड्यातल्या एका कॉलेजात कायमच्या जागेसाठी त्यांची मुलाखत झाली, तेव्हा त्यांच्यापेक्षा आमचंच लक्ष त्यांच्या फोनकडे जास्त. फोन लॅबमध्येच आला. सर "हो, हो" म्हणत राहिले, मग फोन ठेवून अगदी बारीक आवाजात म्हणाले, "झालं रे." त्यानंतर जो गोंधळ झाला, त्यात कुणाचं कुणाला ऐकू येईना. बाकांवर चढून नाचलो आम्ही!

ओरडून दमल्यावर कुणीतरी विचारलं, "मग सर, शीटांचं काय?" सर गेले की त्यांचं कॉलेजचं खातं बंद होणार, आणि त्याबरोबर सगळ्या मूळ शीटाही जाणार. सरांनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्या नावावर करतो."

"सर, मी? माझ्याकडून काही बिघडलं तर?"

"बिघडव की! जुनी आवृत्ती परत आणता येते. एवढी सोय आयुष्यात तरी आहे का?"

सर गेले. त्याआधी त्यांच्याकडून शीटांची मालकी माझ्याकडे देणारी मेल आली होती. मी ती उघडली आणि 'स्वीकारा' दाबलं. शीटवर 'मालक' असं लिहून पुढे माझं नाव आलं. वडील दुसऱ्याच्या बोटीवर जातात. आमच्या घरात मालक म्हणजे कायम दुसराच कुणीतरी. मी धावत जाऊन आईला दाखवलं. तिने हात पदराला पुसले, मोबाइल लांब धरला आणि माझं नाव बोटाने हळूच चाचपलं.

"आन् सरांचा नाव कुठं गेला?" तिने विचारलं.

मी वर बघितलं, खाली बघितलं. सरांचं नाव कुठेच नव्हतं. शीट मात्र नेहमीसारखीच रंगीत होती.