पलीकडचा ब्रेक

टाचणीला गाडी शिकायला चौदा महिने लागले. एवढ्या वेळात माणसं घर बांधून राहायलाही जातात. ड्रायव्हिंग स्कूल तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचं, म्हणजे मास्तरीणबाईचं होतं, म्हणून या गोष्टीचा फार बोभाटा झाला नाही इतकंच.

टाचणी पडदे शिवायची. बावीस वर्षं. ओठांत चार टाचण्या धरून ती अख्खं संभाषण करायची आणि ऐकणाऱ्याला सगळं समजायचं. नाव पडलं ते त्यावरूनच. कुणाच्याही खोलीत शिरली की आधी खिडकीकडे बघणार, मग माणसांकडे. खिडकीची उंची नजरेनं सांगायची आणि टेप लावली तर बोटभराचा फरक निघायचा नाही. तिच्या स्वतःच्या शिवणाच्या खोलीला मात्र पडदा नव्हता. तो ती बावीस वर्षं पुढच्या आठवड्यात शिवणार होती.

तिचं गाडं अडायचं ते एकाच ठिकाणी. शिवलेले पडदे आणि लांबलचक दांडे घेऊन गिऱ्हाइकाकडे जायला दुसऱ्याची गाडी लागायची. भाड्याचा गाडीवाला नऊला येतो म्हणायचा आणि बाराला उगवायचा. तोवर ही दारात दांडे घेऊन उभी, आणि तिकडे गिऱ्हाईक खिडकीला चादर लावून बसलेलं. शेवटी ती चिडली आणि गाडी शिकायला गेली. आता तिच्या दादानं आपली पाव पोचवायची जुनी व्हॅन विकायला काढायचं ठरवलं होतं. "तुला हवी असेल तर तुझीच," तो म्हणाला होता. "पण रविवारी दुपारपर्यंत सांग. एक जण बघायला येतोय."

लायसन मिळून दोन महिने झाले होते. तरीही टाचणी हो म्हणत नव्हती, कारण तिला एक गोष्ट कळत नव्हती आणि ती कुणाला विचारायचीही सोय नव्हती. आपल्याला खरंच गाडी येते का? तिनं चालवली होती फक्त स्कूलची गाडी, आणि त्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता. चौदा महिने मास्तरणीचा पाय त्या ब्रेकवर होता. गाडी थांबली की ती आपण थांबवली की तिनं, हे टाचणीला कधीच समजलं नाही. परीक्षेच्या दिवशीसुद्धा मास्तरीण शेजारीच बसली होती.

"मला येते का हो गाडी?" तिनं एकदा नवऱ्याला विचारलं.

"मला काय विचारतेस? मी मागे डोळे मिटून बसलेला असतो," तो म्हणाला. माणूस खरं बोलणारा होता, पण उपयोगाचा नव्हता.

मास्तरणीच्या पायाचं मात्र मान्यच करायला हवं. तीस वर्षं दुसऱ्यांचे ब्रेक दाबून त्या पायाला स्वतःची अक्कल आली होती. टीव्हीवर कुणी गाडी जोरात पळवली की सोफ्यावर बसल्या बसल्या तो पाय सतरंजीत रुतायचा. थिएटरात तिनं पुढच्या खुर्चीवरच्या गृहस्थाला तीनदा लाथ मारली होती आणि तिन्ही वेळा मनापासून माफी मागितली होती.

दरवर्षी एक शनिवार-रविवार या दोघी आणि तिसरी सिस्टर, अशा तिघी स्कूलच्या गाडीनं समुद्राकाठच्या रस्त्याला जात. सिस्टर म्हणजे इस्पितळात सव्वीस वर्षं काढलेली नर्स. तिच्या हाताला कमालीची शिस्त आणि जिभेला अजिबात नाही. तिच्या पोटात गोष्ट राहिली असं कधी घडलं नव्हतं. गाडी नेहमी मास्तरीण चालवायची.

त्या शनिवारी गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर मास्तरीण खाली उतरली आणि गुडघा चोळायला लागली.

"माझा गुडघा आज काही खरा नाही. टाचणे, तू बस इकडे."

"मी? त्या कड्यावरच्या रस्त्यानं?"

"मग काय सिस्टर चालवणार? तिला सायकलसुद्धा येत नाही."

"येते," सिस्टर म्हणाली. "थांबवता येत नाही."

टाचणी हात धुऊन, तोंड धुऊन, पुन्हा हात धुऊन आली. तोवर दोघींनी डिकीतलं सामान खालीवर करून ठेवलं होतं आणि मास्तरीण शेजारच्या सीटवर शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. टाचणी तिच्याकडे बघायला लागली तशी ती ओरडली, "माझ्या तोंडाकडे काय बघतेस? माझ्यावरून जायचंय का? रस्ता बघ!"

टाचणीनं रस्ता बघितला. पुढचे तीन तास तिनं दुसरं काहीही बघितलं नाही. समुद्र डाव्या हाताला होता, म्हणजे मास्तरणीच्या बाजूला. त्याच्याबद्दल तिला फक्त ऐकायला मिळत होतं.

"अगंबाई, काय निळा दिसतोय!" सिस्टर मागून म्हणायची. "त्या होड्या बघ, टाचणे! बघ ना! नाही, तू नको बघूस!"

जीव मुठीत धरायला दोन्ही हात मोकळे नव्हते, म्हणून टाचणीनं तो दातांत धरला होता. पण तासाभरात दात सैल झाले. वळणं येत होती, जात होती, गाडी त्यांच्याबरोबर वळत होती. उघड्या काचेतून खारा वारा येत होता, सिस्टर भसाड्या आवाजात गात होती, आणि टाचणी चक्क तिच्या सुरात सूर मिसळायला लागली. खूप वर्षांत तिला इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

मग तो चढ आला. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला कठडा, मधे कशीबशी दीड गाडीची वाट, आणि समोरच्या वळणावरून भली मोठी बस. टाचणीच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी थांबली, मग वीतभर मागे घसरली, आणि घट्ट उभी राहिली. बस पुसटशी घासल्यासारखी शेजारून गेली. गाडीनं पुन्हा चढ धरला, एकदाही मागे न घसरता.

"थँक्यू," टाचणी हळूच म्हणाली.

"कशाबद्दल?" मास्तरणीनं विचारलं आणि शेंग फोडली.

तिथून टाचणीचं गाणं बंद पडलं. गाडी थांबवली ती मास्तरणीनंच, हे उघड होतं. मग बाकीच्या तीन तासांत तरी आपलं काय होतं? चाक फिरवणं? ते तर जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या मोटारीत बसलेलं पोरही करतं.

संध्याकाळी तिघी वाळूवर अनवाणी बसल्या. टाचणी पोटरी चोळत होती.

"कुठला पाय गं?" सिस्टरनं विचारलं.

"उजवा. दगडासारखा झालाय नुसता."

सिस्टरनं मास्तरणीकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि चक्क पुन्हा मिटलं. असं सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. पण टाचणीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पाय धुवायचं निमित्त करून नळाकडे गेली आणि तिथून तिनं दादाला फोन लावला.

"दादा, व्हॅन दे त्या माणसाला. मला नाही जमायचं."

"नक्की?" दादानं विचारलं. "बरं. उद्या बाराला येतोय तो."

फोन ठेवल्यावर तिला रडू आलं. नळ जोरात सोडून तिनं पायांबरोबर तोंडही धुतलं.

रविवारी सकाळी निघताना ती सरळ शेजारच्या सीटचं दार उघडून बसली. "आज तू चालव. गुडघा दुखत असला तरी चालव. मी आता ते चाक धरणार नाही." तिनं पाय आत घेतले आणि ते गुडघ्यातच अडले. खाली पाय ठेवायला जागाच नव्हती. तिनं वाकून बघितलं. गुंडाळलेली सतरंजी आडवी ठासून बसवली होती. तिच्यावर पाण्याचा मोठा कॅन, आणि कॅन हलू नये म्हणून तो सीटच्या दांड्याला बँडेजनं बांधलेला. बांधणी अशी नेटकी की ती कुणाच्या हातची हे विचारायला नको. पेडल सतरंजीच्या पलीकडे होतं. तिथे मांजराचाही पाय गेला नसता. आणि या सगळ्यावर कालच्या शेंगांच्या टरफलांचा थर पडला होता.

टाचणीनं मान वर केली. "हे कधी ठेवलंत?"

"पंपावर," सिस्टर एका दमात म्हणाली. "तू हात धुवायला गेलीस तेव्हा! बाई गं, काल संध्याकाळपासून माझं पोट फुगलंय, आता नाही राहवत! ही अख्खा रस्ता मांडी घालून बसली होती!"

"मांडी? पण गुडघा..."

"गुडघ्याला काय धाड भरलीय?" मास्तरीण म्हणाली.

"मग त्या चढावर..."

"चढावर मी देवाचं नाव घेतलं आणि शेंग खाल्ली. थांबवलीस तू. चढवलीस तू. पोटरी दुखली कुणाची?"

टाचणी एकदम भडकली. "आणि मी पडले असते खाली समुद्रात तर? तुझा पाय मोकळा नको होता?"

"मोकळा असता तर त्यानं दाबलाच असता गं," मास्तरीण म्हणाली, आणि तिचा आवाज जरा खाली आला. "मी नको म्हटलं तरी दाबला असता. चौदा महिन्यांतले शेवटचे आठ तू नीट चालवत होतीस. हा मेला ऐकतच नव्हता. तुझ्या आधी हाच दाबायचा. म्हणून म्हटलं, एकदा याला बांधूनच टाकू. भीती मलाही वाटली. अर्धा किलो शेंगा संपल्या माझ्या."

टाचणी हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. सिस्टरनं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि स्वतःही नाक ओढलं. मग टाचणीला एकदम फोन आठवला. तिनं घड्याळ बघितलं. पावणेदहा.

"दादा, तो माणूस आला का?"

"बारा वाजता येणार सांगितलं ना. का गं?"

"त्याला नको सांग. व्हॅन मी घेतेय."

"काल नको, आज हो. चढ-उतार काय आहेत तुझे!" दादा म्हणाला. "बरं, मग मी संध्याकाळी आणून सोडतो तुझ्याकडे."

टाचणी फोन कानाला धरूनच उतरली, गाडीला वळसा घालून चाकामागे जाऊन बसली आणि सीट पुढे ओढली. परतीच्या वाटेला समुद्र तिच्या बाजूला होता.

"तू कशाला येतोस?" ती म्हणाली. "चावी काढून ठेव. मी येते न्यायला."